बसलो का बरं वाटते

बाबा, तुमची ती मांडी आता मला आली आहे. उजवीच. बाहेरची बाजू, खिशाच्या खालून सुरू होते आणि गुडघ्याच्या जरा वर थांबते, तुम्ही दाखवायचात अगदी तशी. मागच्या दिवाळीनंतर कधीतरी सुरू झालं. मी वर्गात फळ्यावर लिहीत उभी होते, मागे मुलांची कुजबुज चालली होती, आणि मांडीवर कुणी गरम वाटी टेकवून ठेवल्यासारखं वाटलं. साडीवरून हात फिरवला तर हात फिरतोय हे हाताला कळत होतं, मांडीला कळत नव्हतं. थोड्या वेळानं त्याच जागेवर साडीची कडा घासली आणि चटका बसल्यासारखी आग झाली. जागा बहिरीही आणि जळतेही. एकाच ठिकाणी दोन्ही कसं असू शकतं, असा प्रश्न मला पडला आणि लगेच लक्षात आलं की हा प्रश्न माझा नाहीच, तो तुमचा आहे. तुम्ही तो कितीतरी वर्षं विचारत होतात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, म्हणजे तो तेवढा काळ तसाच पडून होता. मी घाबरून लिहीत नाही. या काही महिन्यांत मला बरंच काही कळलं आहे, आणि ते ऐकायला तुमच्याइतकं उत्सुक दुसरं कोणी असेल असं वाटत नाही.

मी सहावी-सातवीत असेन. आपण तुमसरला त्या कौलारू दोन खोल्यांत राहत होतो. तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी शाळेतून आले की तुम्ही हाफपँटवर खाटेवर बसलेले असायचात, एक पाय लांब करून. आई दाराशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत असायची. तुम्ही मला हाक मारायचात आणि म्हणायचात, ''ये, टेस घेऊ.'' टेस्ट म्हणजे तुम्ही डोळे मिटायचे आणि मी काडेपेटीची काडी, कंगव्याचे दात, ओलं बोट, असं काहीबाही तुमच्या मांडीला लावायचं. कुठं लावते ते सांगायचं नाही. ''लागलं?'' ''नाई.'' ''आता?'' ''नाई.'' ''आता?'' ''हाव, आता लागलं.'' मग तुम्ही डोळे उघडून, ज्या बॉलपेननं ड्यूटीवर हिशेबाचा कागद भरायचात त्याच पेननं तिथं एक ठिपका करायचात. असे ठिपके जोडत जोडत मांडीवर एक आकार तयार व्हायचा. वरून अरुंद, खाली रुंद, मोठ्या वांग्यासारखा. तुम्ही मान वाकडी करून तो बघत बसायचात. एकदा गल्लीत बर्फगोळेवाला आला तेव्हा तुम्ही त्याच्याकडून नुसता बर्फाचा खडा मागून आणलात आणि त्या आकारावरून फिरवलात. मला अजून दिसतं आहे, पाणी ओघळून गुडघ्यावर आलं आणि तिथं तुम्ही एकदम दचकलात, आणि मग हसलात. ''पाय बी माझाच, गुडघा बी माझाच, ना हा मधातला तुकडा कोणाचा हाये?''

आई म्हणायची, ''पोरीले काय शिकवून राहिले? तेल लावा, जाईन.'' तेल लावून झालं होतं. निर्गुडीचा पाला बांधून झाला होता. चालून आलात, फार वेळ उभे राहिलात की आग वाढायची, एवढं तुम्ही सांगायचात. पण तुम्ही चिडचिड केलेली मला आठवत नाही. तुम्हाला त्या जागेचं नवल वाटायचं आणि तुमचं ते नवल मला लागलं. खरं सांगायचं तर मला त्या वयात तुमची मांडी ही घरातली सगळ्यात मजेदार वस्तू वाटायची. त्याखालोखाल तुमचा खिसा. संध्याकाळी तो उलटा केला की तिकिटांना पंच मारताना पडलेले कागदाचे बारीक गोल तुकडे झरझर पडायचे, गुलाबी, हिरवे, पिवळे. ते तुम्ही माझ्यासाठी आठवणीनं आणायचात.

म्हणून मला त्या दिवशी काहीच कळलं नाही. शेजारची काकू आईकडे तेंदूची पानं मागायला आली होती, तुम्ही नुकतेच ड्यूटीवरून येऊन पाय धूत होतात, आणि मी मोठ्या कौतुकानं सांगायला लागले, ''काकू, आमच्या बाबाच्या मांडीले ना, टाचणी टोचली तरी...'' तुम्ही लोटा आपटलात. ''चूप! एक शब्द नको बोलू!'' तसा आवाज तुम्ही माझ्यावर त्याआधी कधी काढला नव्हता. काकू पानं घेऊन निघून गेली. मी रडत मागच्या अंगणात जाऊन बसले. तुम्ही आला नाहीत, आई आली. तिनं मला जवळ घेतलं नाही, समोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ''अंग असं बहिरं होते ना, तो रोग मोठा असते. महारोग म्हणते त्याले. लोकाईनं आयकलं तर तुझ्या बाबाच्या हातचं टिकट कोणी घेईन का? नोकरी राहीन का?'' मी विचारलं, ''बाबाले तो हाये?'' आई म्हणाली, ''मले का मालूम?''

तिकिटाचा अर्थ मला पुढे कळला. आजोबांची गोष्ट तुम्हीच सांगितली होती. गावात त्यांच्या हातातून कोणी काही घेत नसे आणि त्यांना काही द्यायचं झालं तर वरून टाकत. मग आजोबांनी दीक्षा घेतली, तुम्हाला शाळेत घातलं, आणि तुम्ही एसटीत कंडक्टर म्हणून लागलात. पहिल्या दिवशी भरलेल्या बसमध्ये, पाटलापासून सोनारापर्यंत सगळे तुमच्याकडे हात पुढे करून तिकीट मागत होते, आणि तिकीट देताना प्रत्येकाची बोटं तुमच्या बोटांना लागत होती. हे सांगताना तुम्ही स्वतःचा हात पुढे धरून बघायचात. तो हात तुम्ही मांडीच्या एका तुकड्यापायी गमावणार होतात की काय, ही तुमची भीती होती. खाटेवरची टेस्ट हा तुमचा खेळ नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. तो आकार वाढतो आहे का, हे तुम्ही बघत होतात. तरीही मला वाटतं की खेळही होताच. नुसता घाबरलेला माणूस बर्फ आणत नाही.

मग उन्हाळ्यात ते भाजणं झालं. त्या संध्याकाळी तुमच्याबरोबर तुमच्या गाडीचे ड्रायव्हरकाका घरी आले, आणि तुमच्या खाकी पँटवर मांडीपाशी ओला डाग होता. तुम्ही बॉनेटवर बसून आला होतात. ड्रायव्हरशेजारचं, इंजिनाचं ते झाकण उन्हाळ्यात कसं तापतं हे काकांना माहीत, तुम्हालाही माहीत. बपेऱ्याला गाडी लागली, तुम्ही उतरलात, तेव्हा काकांना डाग दिसला. त्यांनी आईसमोर सगळं सांगितलं. ''वहिनी, याचा फोड येऊन फुटला, ना याले समजलंच नाई. मी इच्यारलो तं म्हणते, पाणी सांडलं असन. याले दवाखान्यात ने. नाई तं मी नेतो.'' तुम्ही खाली बघत होतात. आईनं काकांना चहा दिला. काकांनी अर्धा चहा बशीत ओतून तुमच्या पुढे सरकवला आणि उरलेला त्याच कपातून स्वतः प्याले. मी तेव्हा बशीकडेच बघत होते.

तुमसरच्या दवाखान्यात कोणी ओळखीचं भेटेल म्हणून आपण भंडाऱ्याला गेलो. मला मागे ठेवायचं तर शेजारी कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मलाही नेलं. म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी तुम्हाला उन्हाच्या तिरिपेत उभं केलं, मांडीची कातडी जवळून बघितली, कापसाचा बोळा लावला, मग टाचणी. त्यानंतर तुमच्या कोपरांच्या मागे बोटं घालून काहीतरी चाचपलं, मानेवर चाचपलं, घोट्यापाशी चाचपलं. आई पदराचं टोक दातात धरून उभी होती. बराच वेळ चाचपून झाल्यावर ते म्हणाले, ''हा तो रोग नाही. चट्टा नाही, कुठली नस जाड झालेली नाही, केस जागच्या जागी आहेत. घाबरू नका.'' आई मटकन स्टुलावर बसली. तुम्ही मात्र पँट वर ओढत विचारलंत, ''मंग काय हाये?'' डॉक्टर म्हणाले, ''नसेचंच काहीतरी आहे. गोळ्या देतो ताकदीच्या.'' ''पन कोन्त्या नसेचं?'' ''अहो, तो नाही एवढं कळलं ना? मग झालं.'' बाहेर रसवंतीवर तुम्ही आम्हाला रस पाजलात. आई हसत होती, रडत होती. तुम्ही ग्लास हातात धरून रस्त्याकडे बघत होतात आणि अजून तेच म्हणत होतात, ''तो नाई हे बराबर. पन मंग काय हाये?''

त्यानंतर तुम्ही ज्याला त्याला विचारत राहिलात. गाडीत कोणी डॉक्टर बसला की तुम्ही तिकीट फाडता फाडता विचारायचात. एकदा एका जनावरांच्या डॉक्टरला विचारलंत, आणि त्यानं म्हणे प्रामाणिकपणे सांगितलं की बैल असता तर काहीतरी सांगता आलं असतं. ही गोष्ट तुम्ही घरी येऊन इतक्या रंगात सांगितलीत की आईच्या मांडीवरचं सूप उलटलं. मी डी.एड.ला होते तेव्हा एका सकाळी दाढी करता करता तुम्ही गेलात, हृदयविकाराच्या झटक्यानं. मांडीचा त्यात काही संबंध नव्हता. प्रश्न तसाच राहिला.

आता माझं सांगते. मी लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या शाळेत आहे. आई माझ्याजवळच असते. मी तिला पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी ती भाताचं पातेलं तसंच खाली ठेवून आली आणि म्हणाली, ''दाखव.'' मला खिडकीशी उभं करून तिनं माझी मांडी उजेडात बघितली, डोळे बारीक करून, बोट फिरवत. ''रंग तं नाई बदलला,'' ती म्हणाली, पण तिचा चेहरा मला अंगणातल्या त्या दिवसासारखा दिसला. ''लवकर दाखवून ये. कोणाले सांगू नको.'' मी म्हटलं, ''आई, आता त्या रोगाला गोळ्या आहेत, तो बरा होतो, आता कोणी घाबरत नाही.'' ती म्हणाली, ''हाव. मालूम हाये मले.'' पण पातेल्याकडे परत जाताना तिनं हात धुतले.

ज्या डॉक्टरांकडे मी आधी गेले त्यांनी कमरेचे फोटो काढायला लावले आणि मणक्यातली गादी सरकली असं सांगितलं. एक रुंद पट्टा दिला, आवळून बांधायचा, कमरेपासून खाली ओटीपोटापर्यंत. मी तो बांधून शाळेत जायला लागले आणि आग दुप्पट झाली. सकाळची प्रार्थना संपेपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं. वर्गात मी खुर्चीत बसून शिकवायला लागले, आणि बसलं की दहा मिनिटांत आग शांत व्हायची. मला वाटायचं थकवा असेल. मांडीत ताकद सगळी होती, जिना चढता येत होता, फक्त तो एक तुकडा माझा नव्हता.

मग सहकारी बाईंच्या सांगण्यावरून भंडाऱ्यालाच एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. त्यांनी आधी गुडघा वाकवला, पाय सरळ वर उचलला, कुठं कळ येते विचारलं. मग हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, ''कुठं कमी लागतं ते तुम्हीच काढून दाखवा.'' बाबा, मी काढलं. वरून अरुंद, खाली रुंद. काढून झाल्यावर मी त्याच्याकडे बघतच राहिले, आणि बाईंना वाटलं मला चक्कर येते आहे. त्यांनी माझ्या कमरेच्या पुढच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, तिथून किंचित आत बोटानं टकटक केलं, आणि मांडीभर मुंग्यांची एक ओळ धावत गेली. ''हं,'' त्या म्हणाल्या, ''सापडली.''

ती कोणती नस, हे तुम्हाला हवं होतं ना? तर ऐका. कमरेच्या मणक्यांतून एक बारीक नस निघते, पोटाच्या आतल्या बाजूनं खाली येते, आणि त्या हाडापाशी, जांघेच्या वर एक चिवट पट्टी असते तिच्याखालून वाकून मांडीवर उतरते. तिथं तिला जागा अगदी थोडी असते. ही नस फक्त कातडीची. पाय हलवायचं काम तिच्याकडे नाही, म्हणून ताकद जात नाही. बाहेरच्या अंगाला काय लागलं, गरम की गार, एवढंच ती वर कळवते. त्या वाकणावर ती दाबली गेली की कळवणं बंद पडतं, म्हणून बहिरेपणा. आणि दाबानं ती चिडते तेव्हा काही लागलं नसतानाही खोट्या बातम्या पाठवते, म्हणून आग. बहिरी का आणि जळते का, या दोन्हीचं उत्तर एकच आहे, बाबा. मी ते ऐकलं आणि मला तुमच्या खाटेशी धावत जावंसं वाटलं.

बाईंनी विचारलं, नाडी कुठं बांधता? मी परकराची नाडी नेमकी तिथंच, त्या हाडावर, घट्ट आवळून बांधते. वजन वाढलं तशी आणखी घट्ट. वर तो रुंद पट्टा. बाईंनी तो टेबलावर काढून ठेवला आणि म्हणाल्या, ''हा आता नको. नाडी सैल, जमेल तर सलवार घाला, वजन उतरवा, सलग उभं राहू नका.'' साखर तपासली, ती काठावर निघाली. नसेची चिडचिड कमी करणारी गोळी दिली. तिनं सुरुवातीला इतकी गुंगी यायची की मी हजेरी घेताना एकाच मुलाला दोनदा हाक मारली. दीड-दोन महिन्यांत फरक कमी वाटला, तेव्हा त्यांनी त्या हाडापाशी एक इंजेक्शन दिलं. सुई आत जाताना मी छताकडे बघत होते आणि तुम्हाला काय काय विचारायचं ते ठरवत होते. आग आता जवळजवळ गेली आहे. बहिरेपणा तळहाताएवढा राहिला आहे. बाई म्हणतात, हळूहळू भरेल, नाही भरला तरी अपाय नाही.

मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. तुमच्या खाकी पँटवरचा रुंद चामडी पट्टा, जो तुम्ही शेवटच्या छिद्रात ओढून घालायचात, कारण ड्यूटीवर माणूस ढिला दिसू नये. त्यावरून लोंबणारी सुट्या पैशांची जड बॅग, जी उजव्या हाडावरच टेकायची. दिवसभर उभं राहणं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ''असू शकतं. पण न तपासलेल्या माणसाचं मी कसं सांगू? बसल्यावर त्यांना आराम पडायचा का? ते कळलं तर अंदाज बांधता येईल.'' मी आठवून बघितलं. आईला विचारलं. आई म्हणाली, ''ते बसले कवा? बसमंदी उभे, ना घरी आले का खाटेवर आडवे.''

मग मला चैन पडेना. ड्रायव्हरकाका अजून आहेत, बपेऱ्यालाच, मुलाकडे. मी सुट्टीत निघाले, खालच्या टोकाहून पार वरच्या टोकाला, अख्खा जिल्हा ओलांडून. तुमसरहून पुढे तुमच्याच रस्त्यावरून गेले. आता कंडक्टरच्या हातात यंत्र असतं, त्यातून कागदाची पट्टी निघते, पंच नाही, रंगीत गोल तुकडे नाहीत. त्या दिवशीची कंडक्टर एक मुलगी होती, आणि ती मधल्या रॉडला कंबर टेकवून उभी होती. मला तिला सांगावंसं वाटलं. मग वाटलं, ही बाई कोण म्हणून बघत राहील.

काका अंगणात ऊन खात बसले होते. एका डोळ्यानं कमी दिसतं त्यांना. मी नाव सांगितलं तरी ओळख पटेना, तुमचं नाव सांगितलं तेव्हा माझा हातच धरून ठेवला. मी सरळ विचारलं, ''काका, बाबा तेव्हा बॉनेटवर काहून बसत होते? ते तर तापते.''

''तेच तं मी म्हणो,'' काका म्हणाले. ''अबे, मांगं शीट खाली हाये, तटी बस ना. तो म्हणे, तटी बसलो का पब्लिकले वाटते कंडक्टर झोपला. अटी बसलो तं गाडीवर नजर राहते. पन बसाले लागे त्याले. उभा राहून राहून तोंड असं करे. मंग अटी येऊन टेके ना म्हणे, बसलो का बरं वाटते.''

''असंच म्हणत होते? बसलो का बरं वाटते?''

''हाव ना. रोजचं होतं त्याचं. काहून?''

मी त्यांना ती नस समजावून सांगितली. अंगणातल्या मातीवर काडीनं काढून दाखवली. ते वाकून बघत राहिले. ''म्हणजे पट्ट्यानं?'' ते म्हणाले. ''पट्टा ढिला केला असता तं झालं असतं?'' मी म्हटलं, बहुतेक. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. ''तो नसता केला वो. त्या पट्ट्यावर जीव होता त्याचा.''

मग त्यांनी मी न विचारलेलं सांगितलं. ''दवाखान्यातून आल्यावरबी घरी त्याचं ताट वेगळंच राहे. तुले मालूम असन. नाई? वहिनी ते उकळत्या पान्यानं धुवे, बाकीच्याईत नाई मिसळे. एक डाव डबा खाताना तो बोलला मले. मी म्हणलो, भांड ना तिच्यासंग, डाक्टर नाई म्हणला ना. तो म्हणे, कायले? पोरगी हाये घरात. तिच्या जागी मी असतो तं मीबी तेच केलं असतं.''

परतीच्या बसमध्ये मी हेच घेऊन बसले होते. मला ते ताट आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. तुम्ही दोघांनी ते माझ्यापासून इतकं व्यवस्थित लपवलंत, की ती ते तुमच्यापासून आणि तुम्ही ते कळल्याचं तिच्यापासून लपवत होतात, हेही मला दिसलं नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं की बाबांना बसल्यावर बरं वाटायचं, म्हणजे त्यांचं आणि माझं एकच होतं, पट्ट्यानं दाबलेली नस, तो रोग नव्हता, कधीच नव्हता. ती वालाच्या शेंगा सोलत होती. सोलता सोलता थांबली. ''पक्कं?'' ''पक्कं.'' मग तिनं स्वतःहूनच ताटाचं सांगितलं. ''डाक्टरनं नाई म्हटलं तरी मनातून जात नव्हतं. तू लहान होती. मी रोज ठरवत होती आजपासून नाई, ना रोज चुलीवर पानी ठेवत होती.'' आणि मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, ''त्याईले मालूम होतं का वो?''

मी म्हटलं, ''नाही. काकांना विचारलं मी. बाबांना काही माहीत नव्हतं.''

तिनं मान हलवली. शेंगा परत हातात घेतल्या. त्या दिवशी ती जेवली नीट, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या परकरांच्या नाड्या काढून तिनं रुंद, मऊ पट्ट्या शिवून दिल्या, चष्मा लावून, दारात बसून.

हे पत्र मी ठेवणार नाही, बाबा. आई माझ्या टेबलावरचं सगळं वाचते, किराणाच्या चिठ्ठ्यासुद्धा. तेव्हा लिहून झालं की फाडीन. डॉक्टरीणबाई तुमच्याबद्दल 'असू शकतं' इतकंच म्हणाल्या होत्या आणि मी आईला 'पक्कं' म्हणून सांगितलं. ते एक. आणि तिला ताटाबद्दल खोटं सांगितलं, ते दुसरं. पहिल्याचं मला काही वाटत नाही. दुसऱ्याचं वाटतं, कारण तुम्ही जे समजून घेतलं होतंत ते तिला कधीच कळणार नाही, आणि ते कळू न देणारी मी आहे.